माजी होण्याचा अर्थ

मराठीतील पदवाचक शब्दांच्या मेळाव्यात 'माजी' हा शब्द थोडा उदासच म्हणावा लागेल. मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अर्थ अगदी सरळ : होऊन गेलेला. आपण त्याला आपल्या 'आजी'ची जोड दिली आणि निमंत्रणपत्रिकांसाठी 'आजी-माजी' असा सोयीचा जोडशब्द तयार झाला. अमेरिकेत एकदा सिनेटर झालेल्या गृहस्थांना पद सुटल्यावरही शिष्टाचार म्हणून 'सिनेटर' असेच संबोधतात. आपली भाषा तेवढी उदार नाही. पद गेले की नावाआधी 'माजी' चिकटते आणि चरित्रकार पुढची पाने भराभर उलटू लागतात. राजकीय चरित्रांची आपली घडण ठरूनच गेली आहे : बालपण, चळवळ, पहिली निवडणूक, मंत्रिपद, पराभव आणि शेवटी 'उत्तरायुष्य' नावाचे एक आखूड प्रकरण.

ही घडण ज्या आयुष्याला लागू पडत नाही असे एक आयुष्य आमच्या कोल्हापुरात आमच्या डोळ्यांसमोर घडले. प्रा. एन. डी. पाटील यांची राजकीय कारकीर्द पदांच्या हिशेबाने मांडली तर ती 1990 साली संपते. 17 जानेवारी 2022 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी ते गेले. मधली जवळजवळ 32 वर्षे ते 'माजी आमदार' होते. आमच्या पिढीने त्यांना पाहिले ते याच काळात, आणि त्यांच्या कारकीर्दीचे मध्यवर्ती प्रकरण हेच आहे असे आमचे म्हणणे आहे.

आधी पदांचा हिशेब पाहू. 15 जुलै 1929 रोजी वाळवा तालुक्यातील ढवळी येथे शेतकरी कुटुंबात जन्म. 1948 साली शेतकरी कामगार पक्ष स्थापन झाला, आणि त्याच वर्षी हा तरुण त्या पक्षात दाखल झाला तो अखेरपर्यंत. अर्थशास्त्राची एम. ए. पदवी, पुढे कायद्याची पदवी. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात अध्यापन. तेथे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेशी निकटचा संबंध. 1960 ते 66, 1970 ते 76 आणि 1976 ते 82 अशी तीन वेळा मिळून 18 वर्षे विधान परिषद. 1978 साली शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुलोदचे सरकार आले, त्यात सहकार मंत्री. ते सरकार फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झाले, म्हणजे मंत्रिपद दोन वर्षेही नाही. 1985 साली कोल्हापूर शहरातून विधानसभेवर. पाच वर्षांनी या शहरात शिवसेनेचा भगवा लागला, आणि सभागृहातील एन. डी. हे प्रकरण मिटले.

यातील विधान परिषदेच्या 18 वर्षांपाशी थोडे थांबले पाहिजे. 'सिनेट' हा शब्द लॅटिनमधील वृद्धवाचक शब्दावरून आला. सिनेट म्हणजे मूळ अर्थाने ज्येष्ठांची सभा. आपणही परिषदेला 'वरिष्ठ सभागृह' म्हणतो. रचना मात्र निराळी. अमेरिकेत 1913 पासून सिनेटर थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो. आपल्या संविधानाच्या 171 व्या कलमाने परिषदेच्या जागा वेगवेगळ्या वाट्यांत विभागल्या. महाराष्ट्राच्या 78 जागांपैकी 30 विधानसभेच्या सदस्यांकडून, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, प्रत्येकी सात पदवीधरांकडून व शिक्षकांकडून, आणि 12 राज्यपालांच्या नियुक्तीने भरल्या जातात. या बारांसाठी साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा अशी क्षेत्रे नमूद आहेत. एका सभागृहात शिकवणाऱ्या आणि शिकलेल्या माणसांसाठी मुद्दाम दार ठेवणे ही घटनाकारांची एक सुंदर कल्पना होती. त्या दारातून पुढे कोण कोण आत गेले, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या जिल्ह्यापुरता करावा.

परिषदेवर जाण्यासाठी वयाची तिशी पूर्ण असावी लागते. महाराष्ट्र राज्य जन्माला आले त्या 1960 साली एन. डी. यांची तिशी नुकतीच भरली होती. ज्येष्ठांच्या सभेत हा तरुण प्राध्यापक गेला आणि वर्गात जे करायचा तेच तेथे करू लागला : अभ्यास करून जाणे, आकडा तपासून घेणे आणि समोरच्याला समजेपर्यंत सांगणे. आमच्या कोल्हापुरात 'सिनेट' म्हटले की आधी विद्यापीठाचे सिनेट आठवते. आता त्याला 'अधिसभा' म्हणायचे. 1962 साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यानंतरच्या पहिल्या काळात एन. डी. त्याही सिनेटवर होते. म्हणजे 'माजी सिनेटर' हे बिरुद कोल्हापुरात कोणाला शोभले असते, तर त्यांना. लोकांनी ते दिले नाही. लोक त्यांना 'एन. डी. सर' म्हणत. नावाआधीच्या 'मंत्री', 'आमदार' या उपाध्या आल्या आणि गेल्या, 'प्रा.' तेवढे राहिले.

येथे एका अमेरिकी माजी सिनेटरची आठवण होते. मिनेसोटाचे युजीन मॅकार्थी हेही आधी अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, शिवाय कवी. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात, आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध ते 1968 साली उभे राहिले. न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांना 42 टक्के मते पडली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लिंडन जॉन्सन यांनी पुन्हा उमेदवारी न करण्याची घोषणा केली. 1971 साली मॅकार्थींचे सिनेटपद संपले. पुढेही ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांत उतरत राहिले, कवितासंग्रह काढत राहिले. परंतु 1968 चा तो क्षण पुन्हा आला नाही. पद होते तेव्हा त्यांच्या नकाराला वजन होते. एन. डी. यांच्या बाबतीत वजनाचा काटा उलट्या बाजूला झुकलेला दिसतो. पद गेल्यावर त्यांचा नकार अधिक जड झाला.

कोकणात गुहागरजवळ दाभोळ येथे एन्रॉनचा वीजप्रकल्प आला, तेव्हा त्याविरुद्धच्या लढ्यात ते होते. रायगडमध्ये पेण, उरण, पनवेल भागात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतजमिनी घेण्याचे ठरले, तेव्हा शेतकऱ्यांच्या लढ्याचे नेतृत्व त्यांनी केले. सप्टेंबर 2008 मध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारला जनमत घ्यावे लागले. तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. बेळगाव-कारवार-निपाणीच्या सीमालढ्यात ते शेवटपर्यंत होते. हा प्रश्न महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात नेला, त्याचा निकाल त्यांच्या हयातीत लागला नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

आणि मग टोल. कोल्हापूर शहरातील सुमारे 50 किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर खाजगी कंपनीकडून बांधून घेण्यात आले, आणि त्याची वसुली नाक्यांवरून अनेक वर्षे करण्याचा करार झाला. महामार्गावर टोल देणे लोकांच्या अंगवळणी पडले होते. आपल्याच गावात शिरताना पैसे मोजणे ही गोष्ट नवी होती. सर्वपक्षीय कृती समिती स्थापन झाली. तिच्या अग्रभागी ऐंशी ओलांडलेले एन. डी. आणि ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे होते. करार कसा झाला, रस्त्याची किंमत कशी ठरली, किती वर्षांत किती वसूल होणार, हा हिशेब चौकाचौकांत मांडला गेला. मोर्चे निघाले, बंद झाले, 2014 च्या जानेवारीत नाके पेटले. पुष्कळ वळणे घेत अखेर 2016 च्या प्रारंभी शासनाने हा टोल अधिकृतपणे रद्द केला.

त्या काळात शहरभर घुमणारे क्रियापद होते 'देणार नाही'. व्याकरण शिकवणाऱ्यांचे एका गोष्टीकडे लक्ष जावे : 'मी देणार नाही' आणि 'आम्ही देणार नाही' यांत क्रियापदाचे रूप बदलत नाही. एकट्याचा नकार आणि समूहाचा नकार मराठीत एकाच रूपात मावतो. सर्वनामाचे मात्र तसे नाही. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचने दोन आहेत. 'आम्ही'मध्ये ऐकणारा बाहेर उभा असतो. 'आपण'मध्ये तो आत येतो. सत्तेची भाषा बहुधा 'आम्ही'ची असते : आम्ही रस्ते दिले, आम्ही पाणी आणले. एन. डी. यांचे भाषण ऐकताना ध्यानात यायचे ते हे की, हा वक्ता श्रोत्याला हिशेबात सामील करून घेतो आहे. अर्थसंकल्पातला आकडा ते घरखर्चाच्या वहीत आणून बसवीत. बोलण्याला वाळव्याकडच्या शेतकरी बोलीचा खणखणीतपणा असे, वाक्ये लांब असत, आणि टाळीच्या जागी थांबण्याची घाई नसे. सभा सुटल्यावर माणसे घोषणा देत जात, तशीच आकडेमोड करीतही जात. पद असताना वक्ता 'आम्ही'तून बोलतो, तेथे खुर्चीचा दोष थोडा असतोच. 'माजी' झालेल्या माणसाला 'आपण'कडे येण्याची वाट मोकळी होते; बहुतेक माजी ती वाट घेत नाहीत, कारण त्यांचे डोळे पुढल्या तिकिटाकडे लागलेले असतात.

या वाटेची किंमत होती. टोलविरोधी लढ्यातले त्यांचे सहकारी पानसरे यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी याच शहरात गोळ्या झाडण्यात आल्या. 20 तारखेला ते गेले. त्याआधी 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली होती. दोघेही एन. डी. यांच्यापेक्षा वयाने लहान, दोघेही समजावून सांगण्याच्या कामातले. 85 व्या वर्षी आपल्यामागून आलेल्यांना निरोप देऊन पुन्हा सभेला उभे राहणे म्हणजे काय, याचे वर्णन करण्यास आमची भाषा अपुरी आहे.

आता दुसरी बाजू. कारकीर्दीची चिकित्सा करताना भक्तिभाव उपयोगाचा नाही, आणि तो त्यांनाही रुचला नसता. ज्या पक्षाला त्यांनी 70 वर्षांहून अधिक काळ दिला, तो त्यांच्या डोळ्यांदेखत पश्चिम महाराष्ट्रातून आटत गेला. एकेकाळी कोल्हापूर जिल्ह्यात लाल बावट्याची गावेच्या गावे होती. आज तो पक्ष प्रामुख्याने रायगडपुरता उरल्यासारखा आहे. लढे जिंकले, संघटना मात्र वाढली नाही. असे का व्हावे? 1999 साली लोकशाही आघाडीचे सरकार आले तेव्हा एन. डी. तिच्या समन्वयाचे काम पाहत होते. ज्या धोरणांना रस्त्यावर विरोध, त्यांच्याच कर्त्यांशी सत्तेत समन्वय, हा पेच त्यांच्या कारकीर्दीत आहे, आणि तो आहे असेच म्हटले पाहिजे. शरद पवार त्यांच्या पत्नी सरोजताईंचे बंधू. नाते जवळचे, धोरणांवरील मतभेद जाहीर. रयत शिक्षण संस्थेचे अध्यक्ष पवार असताना 1990 ते 2008 या काळात संस्थेचा कारभार एन. डी. पाहत होते. नाते आणि विरोध वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणे त्यांना साधले. पण विरोधकालाही आपल्याच घरात जागा करून देणारी महाराष्ट्राची ही राजकीय संस्कृती विरोधाची धार बोथट करते की नाही, हा प्रश्न त्यांच्या निमित्ताने विचारायला हवा. आमचे उत्तर असे की, धार त्यांची बोथट झाली नाही. त्यांच्या पक्षाची झाली.

साहित्याच्या अभ्यासकांनी या सगळ्यात का पडावे, असे कोणी विचारील. आमच्या अभ्यासक्रमांत 'वैचारिक गद्य' नावाचा एक विभाग असतो. लोकहितवादी, जोतीराव, आगरकर असे करीत तो विसाव्या शतकात येतो आणि हळूहळू ललित निबंधाच्या सावलीत जाऊन बसतो. सभागृहात आणि सभेत बोलले गेलेले मराठी गद्य त्यात येत नाही. वास्तविक डाव्या चळवळीतील माणसांनी विचार पोहोचवला तो भाषणांतून आणि छोट्या पुस्तिकांतून. पानसरे यांची 1988 सालची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका महाराष्ट्रातल्या कितीतरी जाडजूड ग्रंथांपेक्षा अधिक घरांत पोहोचली, पुस्तिका एन. डी. यांनीही लिहिल्या. शिवाय विधिमंडळाच्या कामकाजाचे शब्दशः वृत्तान्त छापले जातात. त्यांत 18 अधिक पाच, अशी 23 वर्षे एका मराठी प्राध्यापकाचे युक्तिवादाचे गद्य विखुरलेले आहे. दाखला कोठे येतो, आकड्याचे वाक्य कसे सुरू होते, म्हण कोणत्या क्षणी वापरली जाते, उपरोध कोठे थांबतो, या अंगाने ते कोणी वाचले तर एका चांगल्या प्रबंधाचा विषय होईल.

आमच्या अनेक तरुण सहकाऱ्यांची नेमणूक आज तासिका तत्त्वावर असते. पुढल्या जूनमध्ये आपण वर्गात असू की नाही हे त्यांना ठाऊक नसते. अशा शिक्षकाने चौकात उभे राहून कराराचा हिशेब मांडावा, ही अपेक्षा सोपी नाही, आणि ती त्याच्यावर लादण्याचा अधिकार कायम नोकरीत असलेल्या आम्हांस तर नाहीच. पण शिकवणे आणि राजकारण ही दोन वेगळी कामे आहेत, असे त्याला वर्गात शिकवले जाऊ नये एवढे आमच्या हाती आहे. एन. डी. यांची कारकीर्द वाचायची तर तेथून वाचावी : 1960 साली परिषदेत जाताना आणि 1990 साली विधानसभेतून बाहेर पडताना त्यांच्या हातात एकच काम होते, समजावून सांगण्याचे. त्या कामाला 'माजी' हे विशेषण लावता येत नाही.