चोचींची यादी

सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी रोझफिंचच्या कुळातले काही पक्षी आशियातून हवाई बेटांवर पोचले. त्याच कुळातला एक रोझफिंच आजही हिवाळ्यात सह्याद्रीत उतरतो. हवाईतल्या शाखेच्या पन्नासहून अधिक जाती झाल्या. त्यांना हनीक्रीपर म्हणतात. भाऊ एका घरचे, धंदे निराळे, आणि धंदा चोचीवरून ओळखावा.

मामो. खाली वळलेली लांब चोच, फुलांतल्या मधासाठी. अंग काळे, मोजकी पिसे पिवळी. त्या पिवळ्या पिसांचा राजा कामेहामेहाचा झगा होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहे. पक्षी एकोणिसाव्या शतकाअखेर संपला.

लायसनचा हनीक्रीपर. बेटावर ससे सोडले, सशांनी झाडोरा फस्त केला. १९२३ साली एक नर गाताना चित्रित झाला. तेव्हाच्या फिल्मला आवाज नव्हता. त्याच वर्षीच्या वादळात उरलेले तीन पक्षीही गेले.

काउआईचा अकिआलोआ. लांबीचा तिसरा हिस्सा नुसती चोच, सालीच्या भेगांतले किडे टिपायला. १९६० च्या दशकानंतर नाही.

काकावाहिए. मोलोकाईचा, लालभडक. शेवटचा दिसला १९६३ साली.

पोऊली. १९७३ मध्ये माउईच्या हालेआकाला डोंगरावर विद्यार्थ्यांना सापडला. मुख्य खाणे गोगलगायी. पुढे तीनच उरले, तेही वेगवेगळ्या टापूंत. २००२ मध्ये मादीला नराच्या टापूत नेऊन सोडले, ती आपल्या जागी परत गेली. पिंजऱ्यात आणलेला एक नोव्हेंबर २००४ मध्ये मेला. त्याच्या पेशी गोठवून ठेवल्या आहेत.

किविकिऊ. पोपटासारखी चोच, फांद्या चिरून अळ्या काढतो. दीडशेहून कमी उरलेत. २०१९ मध्ये काहींना नव्या रानात सोडले, बहुतेक मलेरियाने मेले.

अकिकिकी. २०२३ साली रानात पाच मोजले. बाकीचे पिंजऱ्यांत.

क्युलेक्स डास. १८२६ च्या सुमारास जहाजावरच्या पाण्याच्या पिंपांतून आला. आपल्याकडे हत्तीरोग पसरवतो तोच. हवाईत त्याने पक्ष्यांचा मलेरिया पसरवला. थंड उंचीवर मलेरियाचा परजीवी वाढत नाही, म्हणून पक्षी तेवढ्याच पट्ट्यात तगले. आता हवा तापते आहे आणि डास वर चढतो आहे. माउईवर वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडू लागलेत. त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी फुटत नाहीत.

हवाईचा अमाकिही. मध, फळे, किडे, काहीही चालते. सखल भागातल्या अमाकिहींत मलेरिया सोसण्याची ताकद काही पिढ्यांत आली. ते संख्येने पुष्कळ होते: हजारो मेले, सोसणारे थोडे उरले, त्यांचीच वीण वाढली. निवड करायला उत्क्रांतीला असे भांडवल लागते. रानात मोजलेल्या त्या पाच अकिकिकींतून ती काय निवडणार?