मीवाट्नची बदकं

गोदाफॉसचा धबधबा मागे पडला आणि लाव्हाच्या काळ्या माळात मीवाट्न सरोवर दिसू लागलं. उत्तर आइसलँडमधलं हे पाणी सुमारे ३७ चौरस किलोमीटर पसरलेलं, पण सरासरी जेमतेम अडीच मीटर खोल. जूनमधला रात्रीही न सरणारा उजेड थेट तळापर्यंत पोचतो. तिथे शेवाळ माजतं, त्यावर चिलटांच्या अळ्या पोसतात आणि अळ्यांवर बदकं.

स्कूटुस्टाडिरला गाडीतून उतरताच या चिलटांनी वेढलं. ती चावत नाहीत, पण नाकाडोळ्यांत जातात. तरी मला त्यांचा राग येईना, कारण समोरचं सगळं वैभव त्यांच्याच जिवावर उभं होतं. ज्या वर्षी चिलटं घटतात, त्या वर्षी पिल्लंही थोडीच जगतात.

आपल्याकडे हिवाळ्यात दिसणारी शेंडी बदकं आणि तरंग इथे विणीला बसले होते. काठच्या गवतात कलहंस चरत होते. पलीकडे पिवळ्या-काळ्या चोचीच्या व्हूपर हंसांची जोडी होती. आइसलँडमध्ये घरटी करणारा हंस हाच. मी मात्र आलो होतो बॅरोज गोल्डनआयसाठी. युरोपात त्याची वीण जवळजवळ फक्त या देशात होते. अमेरिकेत तो झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. इथे तशी जुनी झाडं नाहीत, म्हणून लाव्हाच्या कपारी शोधतो. शेतकरीही त्याच्यासाठी पेट्या लावतात.

इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बदकांची अंडी गोळा करत आले, पण प्रत्येक घरट्यात चार-पाच अंडी राखायची हा त्यांचा रिवाज. माझ्या मते या सरोवराचं खरं संरक्षण तिथूनच सुरू झालं.

शेवटी सरोवरातून निघणाऱ्या लाक्साउ नदीवर गेलो. वीजप्रकल्पासाठी या नदीची दरी बुडवायचा घाट होता. २५ ऑगस्ट १९७० रोजी इथल्या शेतकऱ्यांनी नदीवरचा एक लहान बंधारा सुरुंगाने उडवला आणि त्या कृत्याची जबाबदारी शंभराहून अधिक जणांनी स्वतःवर घेतली. मोठं धरण बारगळलं. १९७४ मध्ये सरोवर आणि नदी यांच्या रक्षणाचा कायदा झाला.

त्याच फेसाळत्या धारेत हार्लेक्विन बदकांचे नर बुड्या मारत होते: निळसर अंग, तांबूस कुशी, पांढरे पट्टे. मादीला रंग कमी, पण प्रवाहाशी झुंजण्यात ती नराच्या तसूभरही मागे नव्हती. पक्षी वाचवायचे तर त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचा शब्द आधी ऐकायला हवा, हे लाक्साउच्या काठी मला पुरतं पटलं.