साडेचार वर्षांचा व्यवसाय

‘व्यवसायोपचार’ हा शब्द प्रथम कानी पडला तेव्हा मला हसू आले. साडेचार वर्षांच्या पोरीला व्यवसाय कसला? ना दुकान, ना कचेरी! पण हळूहळू उमजले, की मुलाचा व्यवसाय म्हणजे त्याचा सबंध दिवस: खेळणे, जेवणे, बटण लावणे, रेघा ओढणे. आणि नेमके तेच आमच्या नातीला जमत नव्हते. बटणाशी झटापट करून ती रडकुंडीला येई; चार रेघांत तिचा हात दुखे; कालवलेल्या भाताला बोट लावायला ती तयार नसे. बालरोगतज्ज्ञांनी तपासून चिठ्ठी दिली आणि आमची शोधाशोध सुरू झाली.

या विद्येची आपल्या देशातली पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन. म्हणजे विद्या काही कालची नव्हे. हल्ली मात्र पाट्या पुष्कळ दिसतात, आणि पाटीवरून विद्या ओळखता येत नाही. पदवी कोणती, नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच कशाला? भेंडी घेताना आपण शेंडा मोडून पाहतोच की!

पहिल्या ठिकाणी झोपाळे, गाद्या, रंगीत चेंडू असा मोठा थाट होता. नातीकडे धड न पाहताच ‘सहा महिन्यांत शंभर टक्के फरक’ अशी हमी मिळाली. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ, आणि आईने बाहेर बसायचे! झोपाळ्याला माझी हरकत नव्हती; पण तो कशासाठी, हे कोणी सांगेना. मूल म्हणजे काही घड्याळ नव्हे, दुरुस्तीला टाकून पावतीवर परत न्यायला.

दुसरीकडच्या बाई अर्धा तास नातीबरोबर जमिनीवर बसून खेळल्या. मग सूनबाईला म्हणाल्या, “घरात सर्वांत जास्त रडारड केव्हा होते?”

“सकाळी, शाळेचे कपडे घालताना.”

“मग बटणापासूनच सुरुवात करू. आणि तुला ग काय करायचंय?”

“आजीचा सोऱ्या फिरवायचाय.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतले. माझी निवड तिथेच झाली. तरी मी विचारले, “किती दिवस लागतील?”

“आजोबा, तारीख सांगता यायची नाही. तीन महिन्यांनी बटणाचं काय झालं ते पाहू. फरक नसला तर रीत बदलू.”

आठवड्यातून दोनदा पाऊण तास त्यांचा. उरलेला आठवडा आमचा. कागद भिंतीला चिकटवून चित्रे काढायची, म्हणजे खांदा आणि मनगट बळकट होते. खडूचा तुकडा अगदी लहान द्यायचा, म्हणजे तो मुठीत मावत नाही, चिमटीतच धरावा लागतो. कणीक आधी चमच्याने ढवळायची, मग एका बोटाने. सक्ती करायची नाही. बटण आईने काजातून अर्धे काढायचे आणि शेवटची ओढ तेवढी मुलीने द्यायची. म्हणजे काम पुरे झाल्याचा आनंद तिचा. पुढे आईचा वाटा थोडाथोडा कमी करायचा.

पाच महिने झाले. वरची दोन बटणे ती आपली आपण लावते. भातात अजून तिचा हात जात नाही. परवा बाईंनी होऊनच आठवड्याची एक खेप कमी केली. स्वतःचे गिऱ्हाईक असे कोण कमी करतो? यंदा चकलीला मात्र नात आजीजवळ बसली आहे. सोऱ्याचा दांडा तिला पुरता फिरत नाही. वर आजीचा हात लागतो.