जर्मनीची बासरी, तंजावरचे जिन्नस

मंडळी, ‘स्वीट’ म्हटलं की आपल्या बऱ्हाणपूरकरांना मावा जिलेबी आठवते. नात फोनवर म्हणाली, “आजोबा, आय अ‍ॅम प्लेइंग अ स्वीट बाय बाख,” तेव्हा मलाही तीच आठवली! मग तिने समजावलं.

स्वीट म्हणजे नाचांची माळ. आपल्या गावी मुमताजमहल वारली ते साल १६३१. तेव्हा युरोपात बरोक म्हणतात तो संगीताचा काळ चालू होता, पुढे १७५० पर्यंत चालला. फ्रान्सच्या दरबारात चौदावा लुई स्वतः नाचायचा. त्या नाचांच्या चाली हळूहळू दिवाणखान्यात आल्या. नाचणारे गेले, दोन-चार वाजवणारे उरले, पण चाल तीच राहिली. आलमांद सावकाश चार मात्रांचा, कुरांत धावरा, साराबांद तीन मात्रांचा संथ, झीग उड्या मारणारा. साराबांदची तर गंमतच आहे. स्पेनमध्ये १५८३ साली अश्लील म्हणून त्याच्यावर बंदी आली होती. तोच फ्रान्सला जाऊन एवढा गंभीर झाला की ऐकताना माणूस सावरून बसतो.

ताल दर नाचाला बदलतो, पण माळेतल्या सगळ्या नाचांचा सूर बहुतेक एकच. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटतं. खातं एक, नोंदी वेगवेगळ्या.

त्या काळची बासरी लाकडी, सहा भोकं आणि एकच चावी. ओतेतेर नावाच्या फ्रेंच वादकाने १७०७ साली ती कशी वाजवावी यावर पुस्तक काढलं. आपल्या बांबूच्या बासरीची चुलत बहीणच म्हणा. नातीची आजच्या धातूची आहे, चाव्याच चाव्या. मीही चाळीस वर्षं बासरी फुंकतोय. कारण फार थोर नाही. बदलीच्या नोकरीत पेटी कुठे वाहून नेणार, बासरी बॅगेत मावते.

बाखची ती रचना एकट्या बासरीची, साथीला कोणी नाही. पहिल्या आलमांदमध्ये स्वर असे सलग येतात की दम घ्यायला जागाच नाही. मी विचारलं, “श्वास कुठे घेतेस गं?” ती म्हणाली, “चोरते.” हे उत्तर मराठीत आलं. म्हणून मुद्दाम सांगतोय.

कारण एरवी मी मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत. मुलगा म्हणतो, “बाबा, समजतं ना तिला, पुरे.” मला ते पुरत नाही. माझी शाळा हिंदी, बँकेचं कामकाज हिंदी-इंग्रजी, तरी घरात आईने दुसरी भाषा चालू दिली नाही. या गटातल्या बहुतेकांचं असंच असेल.

मग एके दिवशी तिने विचारलं, “आजोबा, मराठीत असं काही आहे?”

आहे! तंजावरला. दुसरे सरफोजी राजे, कारकीर्द १७९८ ते १८३२. चहूकडे तमिळ, आणि दरबारात नृत्यासाठी मराठीत रचना. ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या छापल्या आहेत. जिन्नस म्हणजे वाण्याच्या यादीतला तोच शब्द. एका निरूपणात अठरा जिन्नस. जयजय, शेरव, अलारु, पुढे शब्द, वर्ण, पद, तिल्लाना करत शेवटी मंगल. सगळे एका रागात आणि एकाच तालात. बाखने सूर धरून ठेवला, आपल्या राजांनी तालही सोडला नाही. हे गाण्या-नाचण्याचं काम, बासरीचं नव्हे. पण माळ ओवायची रीत तीच, आणि मला तरी आपली जास्त अवघड वाटते.

नातीने अठरा नावं वहीत देवनागरीत लिहून फोटो पाठवला. ‘जिन्नस’चा एक न खाल्लाय. मी काही बोललो नाही. सून म्हणाली, दोन वर्षांनी तिने देवनागरी लिहिली.

मे महिन्यात ती इथे येतेय. साराबांदला मी हाताने ठेका धरायचा, आणि वजन दुसऱ्या मात्रेवर द्यायचं, असं तिने बजावलंय. जन्मभर समेवर थाप द्यायची सवय. रोज सकाळी चहाआधी सराव करतो, तरी हात पहिल्या मात्रेवरच पडतो, आणि आमची ही स्वयंपाकघरातून ओरडते, “दुसरी!”