ऑईल गेले कुठे?

ज्यांच्या घरची चूल रिक्षावर पेटते त्यांना वेगळे सांगायला नको, की रिक्षा म्हणजे घरातले एक माणूसच असते. तिला ताप आला की घराला ताप येतो. आमचेही तसेच आहे. आम्ही म्हणजे दोघे नवरा-बायको. एक जण पुण्यात येरवड्याच्या स्टँडवर रिक्षा लावतो, दुसरी चार घरची धुणीभांडी करते आणि रोजच्या जमाखर्चाची वही लिहिते. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली. इंजिनाच्या ऑईलवरून झाली, म्हणून ऑईलची हकिकत सांगता सांगता तीही सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाच्या हातून ती होऊ नये, एवढाच हेतू.

रिक्षा २०१७ साली पतसंस्थेचे कर्ज काढून घेतली. फोर-स्ट्रोक, सीएनजीवर चालणारी. २०२२ मध्ये शेवटचा हप्ता फिटला, पण त्याच वर्षी मुलगी कॉलेजात गेली. खर्च वाढला. मग रात्रपाळीला वस्तीतलाच एक पोरगा घेतला. लायसन्स होते, बॅज होता, फक्त स्वतःची गाडी नव्हती. दिवसभर आम्ही चालवायची, संध्याकाळी किल्ली त्याच्या हाती द्यायची, सकाळी त्याने ठरलेले भाडे आणि किल्ली आणून द्यायची. वर्षभर एका पैशाची कुरबूर झाली नाही.

मग ऑईल कमी होऊ लागले. आधी आमच्या लक्षातही आले नव्हते. पण तो आल्यापासून आठवड्याच्या आठवड्याला पट्टी तळाला टेकू लागली. आम्ही दर आठवड्याला त्याला अर्ध्या लिटरच्या डब्याचे पैसे देऊन सांगायचो, रात्री टाकून ठेव. तो टाकले म्हणायचा. आणि आठ दिवसांनी बघावे तर पट्टी पुन्हा कोरडी. स्टँडवरचे लोक हसून म्हणाले, "ऑईल गाडीत जातंय की पोराच्या खिशात, ते बघा एकदा." बोलणारे बोलून गेले, पण किडा आमच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

एके दिवशी सकाळी दारातच विषय निघाला.

"तू डबा टाकलास, तर ऑईल गेलं कुठं?"

"काका, मी टाकलं. सकाळी चालू करताना मागं निळा धूर येतो. मी दोनदा सांगितलं तुम्हाला."

"धूर कुठल्या गाडीला येत नाही? पैशाचं बोल."

तो काहीच बोलला नाही. त्या रात्रीचे भाडे मोजून ओट्यावर ठेवले, वर किल्ली ठेवली आणि निघून गेला. आमच्यातला एक बोलला आणि दुसरी आत पोळ्या लाटत गप्प बसली. गप्प बसणारीचाही वाटा तेवढाच, हे आम्ही आता कबूल करतो.

धुराकडे आम्ही दुर्लक्ष का केले, तेही सांगितले पाहिजे. आम्ही रिक्षा शिकलो ती १९९६ साली, भाड्याच्या टू-स्ट्रोक गाडीवर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच टू-टी ऑईल मिसळावे लागे, साधारण शंभराला दोन या हिशोबाने. ते ऑईल पेट्रोलबरोबर जळायचेच, कारण गाडीची घडणच तशी होती. म्हणून धूर दिसला की आम्हाला काही वाटत नसे. फोर-स्ट्रोकचे तसे नसते. तिचे ऑईल इंजिनाच्या तळाशी साठते, पंपाने वर चढते, घासणाऱ्या भागांना वंगण देते आणि पुन्हा खाली येते. ते जळायला नको असते. थोडेफार कमी होणे चालते, पण निळा धूर दिसू लागला म्हणजे ऑईल जळते आहे असेच समजावे. ज्ञान जुने आणि गाडी नवी, अशी आमची गत झाली होती.

तो गेल्यावर रात्रपाळी बंद पडली. आम्ही मनाशी म्हटले, आता बघू ऑईल कसे कमी होते ते. मुलगी लहान असतानाची दुधाची बाटली घरात पडून होती, तिच्यावर मिलीच्या खुणा होत्या. पट्टी वरच्या खुणेपर्यंत भरून घेतली आणि वहीत मीटरचा आकडा लिहिला. मीटर एक लाख अडतीस हजाराच्या पुढे होता. रोज सकाळी गाडी सपाट जागी, थंड असताना, पट्टी पुसून बघायची आणि जेवढे कमी तेवढे बाटलीने मोजून टाकायचे. आठ दिवसांत गाडी ६४० किलोमीटर चालली. आणि ऑईल टाकले २५० मिली.

वही लिहिणारीने त्या रात्री हिशोब मांडला. पोरगा असताना दिवसाचे ऐंशी आणि रात्रीचे साठ मिळून रोज १४० किलोमीटर व्हायचे. आठ दिवसांचे ११२०. ६४० ला २५० मिली, तर ११२० ला जवळजवळ ४४०. म्हणजे तो टाकत होता त्या अर्ध्या लिटरच्या डब्यातले बहुतेक सगळेच. तो आल्यापासून ऑईल जास्त जाऊ लागले हे खरेच होते, कारण तो आल्यापासून गाडी जवळपास दुप्पट चालू लागली होती. पोराने एक थेंब इकडचा तिकडे केला नव्हता.

आमचे दादा बाजेवर पडून ऐकत होते. ते कारखान्यात तीस वर्षे कामाला होते. कधी गावाकडच्या आठवणी सांगतात, कधी कामाच्या. त्या रात्री एवढेच म्हणाले, "सुटी झाली की गेटवर रोज आमचे डबे उघडून बघायचे. साहेबांचे नाही, आमचेच. तीस वर्षांत माझ्या डब्यात कधी काही निघालं नाही. पण रोज डबा उघडताना मान खाली जायचीच." आणि कूस बदलून झोपले. आम्हाला मात्र झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाट दिले, पाणी दिले, पण नजर वर केली नाही. आम्ही वही पुढे ठेवून सांगितले, "बाळा, चूक आमची. मोजायच्या आधी बोललो." तो वही वाचत बसला. मग म्हणाला, "काका, माझ्या आईला चार बायकांनी विचारलं, पोरानं काय चोरलं म्हणून." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. परत येतोस का, हे विचारायचा धीरही झाला नाही. आम्ही स्टँडवर मात्र गेलो आणि ज्यांच्यासमोर संशय बोललो होतो त्यांच्यासमोरच खरे काय ते सांगितले. बोललेला शब्द पुसता येत नाही. पण जिथे सांडला तिथे जाऊन उचलता तरी येतो.

मग गाडी मिस्त्रीकडे नेली. स्टँडवर सल्ले बरेच मिळाले होते. कुणी म्हणे जाड ऑईल टाका, कुणी म्हणे बाटलीतले औषध टाका, धूर बंद होतो. मिस्त्री म्हणाले, "धूर झाकेल महिना दोन महिने. इंजिन बरं होणार नाही. आणि पुस्तिकेत लिहिलंय त्याहून जाड ऑईल सकाळी थंड इंजिनात वर चढायला वेळ लावतं, तेवढा वेळ इंजिन कोरडं घासतं."

त्यांनी पाहणी कशी केली ते मुद्दाम लिहितो. पहिल्यांदा गळती बघितली. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवायला लावला. सकाळी पुठ्ठ्यावर डाग नव्हता, म्हणजे ऑईल बाहेर गळत नव्हते. मग थंड इंजिन चालू केले. पहिल्या झटक्याला निळ्या धुराचा लोट आला. ते म्हणाले, ही वॉल्व्ह सीलची खूण. रबर उष्णतेने कडक झाले की रात्री ऑईल वॉल्व्हच्या दांडीवरून झिरपून खाली उतरते आणि सकाळी जळते. नुसती सील गेली असती तर धूर पुढे निवळला असता. पण पुलाच्या चढावर, गाडी भरलेली असतानाही धूर येत होता. ती पिस्टनच्या रिंगांची खूण. वरच्या रिंगा गॅसचा दाब धरतात, खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल खरवडून खाली लोटते. ती झिजली किंवा काजळीने जाम झाली की ऑईल वर जाऊन जळते. एअर फिल्टरचा डबा उघडला तर तोही ब्रीदरच्या नळीतून आलेल्या ऑईलने ओला झालेला. शेवटी प्लग काढून दाब मोजला. मग त्याच भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजला, तर दाब वाढला. म्हणजे ऑईलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली. दोष पक्का झाला.

हेड उघडून बोअर-पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह सील आणि मजुरी मिळून साडेआठ हजार सांगितले. तेव्हा मुलीची फी भरायची होती. आम्ही पुन्हा वही काढली. महिन्याला फार तर दीड लिटर ऑईल, म्हणजे सहाशेच्या आत. नुसत्या ऑईलच्या पैशांकडे बघितले तर दुरुस्तीची घाई नव्हती. मिस्त्रीही म्हणाले, "जळणारं ऑईल खिसा कापतं, संपलेलं ऑईल इंजिन मारतं. तीन महिने थांबा, पण पट्टी रोज बघा." आमच्या इंजिनात सगळे मिळून सव्वा लिटर ऑईल मावते. त्यातले निम्मे गेले तरी उरलेले तापते, बेअरिंग जाते, इंजिन जाम होते. मग साडेआठ हजारांचे वीस-पंचवीस हजार होतात आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहते ती वेगळीच.

आणखी दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. एक, वरून ऑईल टाकतो म्हणून ऑईल बदलायचे टाळू नका. टाकलेले नवे असते, पण तळाचे मळलेले तिथेच राहते. दुसरी, भीतीपोटी वरच्या खुणेच्या वर भरू नका. जास्तीचे ऑईल घुसळले जाऊन ब्रीदरमधून बाहेर पडते.

आम्ही फी भरली, तीन महिने रोज पट्टी बघितली आणि दिवाळीनंतर काम करून घेतले. सुरुवातीचे काही दिवस गाडी ताणली नाही, ओझे कमी घेतले आणि पहिले ऑईल लवकर बदलले. नव्या रिंगा सिलिंडरमध्ये बसायला तेवढी सवड द्यावी लागते. आता हजार किलोमीटर झाले तरी पट्टी जेमतेम हलते. सकाळी मागे धूर नाही.

पोरगा महिनाभर दुसऱ्याची गाडी चालवत होता. एके दिवशी संध्याकाळी तो आपणहून दारात आला. म्हणाला, "काकू, रात्रपाळी करीन. पण एक अट आहे. किल्ली देताना आणि घेताना पट्टी दोघांनी मिळून बघायची. आकडा वहीत लिहायचा आणि खाली दोघांची सही." आम्ही होय म्हटले. अट त्याने घातली, पण ती आम्हीच आधी घालायला हवी होती.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरीही रिक्षा असेल, टेम्पो असेल, जुनी मोटारसायकल असेल. तिने ऑईल खायला सुरुवात केली तर घाबरू नका. पुठ्ठा ठेवा, धूर बघा, मोजा, लिहा आणि मग मिस्त्रीकडे जा. आणि घरातले काहीही कमी पडू लागले, तेल असो की पैसा, तर कुणाकडे बोट दाखवायच्या आधी एकदा वही उघडा. आमच्या वहीत आता रोज दोन सह्या होतात. त्यातली एक त्याची असते, आणि ती तो अगदी पूर्ण नावाने करतो.