एकाच पाणबुडीच्या दोन फेऱ्या
प्रवासाची दैनंदिनी : लेखांक तिसरा

दिवस पहिला, लोणी भापकर

बारामतीच्या या जिरायती टापूत समुद्र आठवावा असे पाण्यात काही नाही, दगडात आहे. पुष्करिणीपाशी यज्ञवराह उभा आहे: पाठीवर झूल, झुलीवर विष्णूच्या छोट्या छोट्या प्रतिमा. सागरात बुडालेली पृथ्वी वर काढणारा हा अवतार. त्याच्यासमोर ‘तिलावा’ आठवते, कारण तिच्यातूनही वर काढलेल्या वस्तूचीच चर्चा अधिक झाली. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून पूर्व आफ्रिका आणि डर्बनकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसे, पोटात सहा हजार टनांहून अधिक माल, आणि त्यात दक्षिण आफ्रिकेने खरेदी केलेल्या चांदीच्या २,३६४ विटा. २३ तारखेला मध्यरात्रीनंतर, सेशेल्सच्या ईशान्येला, आय-२९ या जपानी पाणबुडीने पाणतीर सोडला. बोट लगेच बुडत नाही असे पाहून होड्यांत उतरलेले काहीजण परत वर चढले, तेवढ्यात दुसरा पाणतीर लागला. २८० माणसे गेली. सुमारे अडीच किलोमीटर खोल गेलेली चांदी २०१७ मध्ये वर आली आणि तिच्यावरचा खटला लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. गंमत अशी की चांदी वर काढणारी कंपनी आणि दक्षिण आफ्रिका यांची तडजोड त्याआधीच झाली होती.

दिवस दुसरा, बॅलार्ड पिअर

मराठी बोलण्यात ‘बेचाळीस’ म्हटले की साल सांगावे लागत नाही. गवालिया टँक, भूमिगत कार्यकर्ते, पाठोपाठ साताऱ्याचे प्रतिसरकार. त्याच बेचाळीसच्या नोव्हेंबरात याच बंदरातून सुटलेली ‘तिलावा’ मात्र त्या शब्दात मावत नाही. पुराव्याचा तुटवडा हे त्याचे कारण नव्हे. एचएमएस बर्मिंगहॅम आणि ‘कार्थेज’ या जहाजांनी ६७८ जणांना वाचवले आणि २७ नोव्हेंबरला ते मुंबईतच परतले. साक्षीदार शहरात होते. अडचण ही की ही गोष्ट आपल्या ठरलेल्या कथेच्या आड येते. त्याच आय-२९ ने पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून आलेल्या सुभाषबाबूंना आणि त्यांचे सहकारी आबिद हसन यांना उतरवून घेतले व सुमात्राच्या टोकाशी साबांगला पोचवले. तिची ही फेरी आपण अभिमानाने सांगतो. आधीची फेरी कोणी सांगत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो युद्धाच्या नियमाचा: बोट ब्रिटिशांची, तिच्यावर तोफा, मग शत्रूने ती बुडवली तर तक्रार कसली? हे मान्य केले तरी त्यातून पाणबुडीच्या कप्तानाला दोषी धरावे की नाही एवढेच ठरते. मेलेली माणसे कोणाची, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. दुसरा आक्षेप नेताजींच्या नावाला बट्टा लागेल हा. तो कसा लागावा? नोव्हेंबरात ते युरोपात होते, आणि आय-२९ ला हुकूम जपानी आरमाराचा होता. जबाबदारीचा धागा जुळतच नाही, म्हणून लपवण्यासारखेही काही उरत नाही. तिसरा आक्षेप अधिक आतला आहे: प्रवासी पुष्कळसे आफ्रिकेत व्यापार करणाऱ्या गुजराती कुटुंबांतले, मराठी माणसाचा संबंध काय? मुंबईहून सुटणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या बोटींवर सारंग, तांडेल, खलाशी कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून भरले जात. तो व्यापार आणि हे श्रम एकाच धक्क्यावरून निघत. शिवाय धक्का आपला म्हणायचा आणि त्यावरून गेलेले प्रवासी परके, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

दिवस तिसरा, मशीद बंदर ते एकसर

मशीद बंदरच्या नाविकगृहात दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या हिंदी नाविकांची नोंदवही आहे, सहा हजारांहून अधिक नावांची. तेव्हा स्मारक आहेच, असे म्हणता येईल. पण ते नाविकांचे आहे. तिकीट काढून बसलेल्यांना त्यात जागा नाही, आणि नाविकगृहाचे फाटक ओलांडून ती वही पाहायला जाणारे किती? उलट, बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ उघड्यावर आहेत. अभ्यासक त्यांतली समुद्री लढाई १२६५ च्या सुमाराच्या शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या झुंजीशी जोडतात. यांतला आपला कोण, असे आज कोणी विचारत नाही, कारण दोघेही आपलेच झाले आहेत. वीरगळ लढणाऱ्याचा असतो, प्रवाशाचा नव्हे, हे खरे. तरी एकसरच्या दगडावर वीराच्या खाली जहाजे आहेत, आणि जहाजांवर वल्ह्यांच्या दाट रांगा. वल्हेकऱ्यांना शिल्पकाराने वगळलेले नाही.