चहा दोन

माणूस चोवीस वर्षे बँकेत काढतो तेव्हा त्याला मायासुद्धा नावे-जमा केल्याशिवाय करता येत नाही. आमची मुलगी एडिंबरोला शिकायला निघाली त्या रात्री विमानतळावर बाकीचे बाप आपापल्या लेकींना जवळ घेऊन डोळे पुसत होते. मी तिला एक वही दिली. म्हणालो, "रोजचा खर्च लिहायचा आणि दर रविवारी रात्री मला फोटो पाठवायचा."

तुम्ही म्हणाल, काय हा बाप! पण कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे. आणि खरे सांगू का, हिशेब हाच आमचा पत्रव्यवहार. दुसरे लोक 'तुझी आठवण येते' असे लिहितात. मी 'दूध दोनदा का धरलेस?' असे लिहितो. फोटोतल्या आकड्याखाली बोटाने लाल रेघ ओढायची विद्या भाच्याने शिकवल्यापासून तर माझ्या वात्सल्याला नुसता बहर आला होता. ऑक्टोबरात 'हीटर' या रकमेखाली मी अशी काही झोकदार रेघ मारली होती, की आमच्या ऑडिटरने पाठ थोपटली असती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी रात्री हिशेब आला. शनिवार-रविवार चिरंजीविनी हिंडल्या होत्या. बस शून्य, चालत गेले. किल्ला शून्य, बाहेरून पाहिला. (हे मात्र थेट माझे रक्त.) दुपारी एक वाजता किल्ल्यावरची तोफ ऐकली, शून्य. ही तोफ रविवार सोडून बहुतेक रोज एकलाच उडते आणि १८६१ पासून उडते आहे. बाराला का नाही? तर तिथले लोकच गमतीने सांगतात, की बाराला बारा बार काढावे लागतील, एकला एकात भागते. असे राष्ट्र मला जन्मात आधी का भेटले नाही! मग म्युझियम, तेही फुकट. मग कॅननगेटचे कबरस्तान. तिथे १७९० साली गेलेले ॲडम स्मिथ विश्रांती घेत आहेत. दहा माणसांनी कामे वाटून घेतली तर दिवसाला ४८,००० टाचण्या होतात, हे ज्यांनी लिहिले तेच हे. बी.कॉम.ला या गृहस्थांनी माझे सात मार्क खाल्ले होते. पुढे चोवीस वर्षे मी टाचण्याच टोचत आलो, तेव्हा फिटंफाट झाली म्हणायची.

रविवारी डोंगर : आर्थर्स सीट. उंची २५१ मीटर. मी हिला अभिमानाने सांगितले, की पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. म्हणजे कन्या शिखरावर उभी असताना तिचा बाप तळमजल्यावर लोळूनसुद्धा तिच्या दुपटीहून उंचावर होता. हिला उंचीत रस नव्हता. "ज्वालामुखी आहे म्हणे तो!"

"विझलेला. चौतीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वीचा."

"विझलाय ना नक्की?"

इथवर सगळे ठीक. शेवटच्या ओळीवर माझे बोट अडकले. 'सूप एक. चहा दोन.'

सूप एक आणि चहा दोन! सूप एकटीने प्यायली, मग दुसरा चहा कुणाचा? व्हाउचर एक आणि सह्या दोन असल्या की आमच्याकडे मॅनेजरला उठवतात. मी हिला उठवले. "थंडी असेल, प्यायली असेल दोन कप," म्हणून ही कुशीवर वळली. मी छताकडे बघत त्या दुसऱ्या कपाला चेहरा देत बसलो. पहिल्यांदा त्याला दाढी होती. दोनच्या सुमाराला मोटरसायकल आली. चारपर्यंत मी त्याच्याशी इंग्रजीत बोलायचीही तयारी केली होती. साडेपाचला फोन उचलला तर ही म्हणाली, "तिथे रात्रीचे बारा वाजलेत. तुमचे कधीच वाजलेत."

शेवटी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या जिन्यात उभे राहून फोन लावला. इकडचे तिकडचे विचारले. सहज विचारावे तसे विचारले, "तो दुसरा चहा... कोण होतं बरोबर?"

"कोणी नाही. दोन्ही मीच प्यायले."

"दोन?"

"अहो बाबा, त्या हॉटेलात छान ऊब होती. एक चहा संपला की कप उचलून नेतात, मग उठावंच लागतं. दुसरा घेतला की अजून तासभर वाचत बसता येतं. चार वाजता अंधार पडतो इथे. घरी मीटरमध्ये पैसे भरले की मगच हीटर लागतो, आणि तो आकडा तुम्हाला..."

पुढे ती काही बोलली नाही. मीही नाही. जिन्यावरून शिपाई वर गेला, पुन्हा खाली आला.

"सर्दी आहे का?" मी विचारले.

"थोडीशी. आता बरी आहे. डोंगर मस्त होता, बाबा. वरून समुद्र दिसतो."

त्या दिवशी माझी कॅश अडीचशेने चुकली. संध्याकाळी बाहेर पडायच्या आधी मी तिला लिहिले : 'हीटर लाव. हिशेबात धरू नकोस.' घरी आल्यावर हिने वाचले. "एवढंच? आणखी काही लिहायचं नव्हतं?" मी विचार करून खाली जोडले : 'चहा दोनच घे. जास्त घेतल्याने पित्त होते.'

पुढच्या रविवारी फोटो आला. 'हीटर' पुढे चांगला जाडजूड आकडा होता आणि त्याखाली तिने स्वतःच लाल रेघ ओढून लिहिले होते, 'मंजूर?'

चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी बेरीज न करता 'मंजूर' म्हणून सही ठोकली.

सोमवारी गुपचूप केली. बरोबर होती.